काळी वस्त्रे आणि क्रूस : गॉथ उपसंस्कृती व ख्रिस्ती धर्म यांच्या नात्याचा इतिहास

थ्रेड 🧵

१/
सन १९९४. अमेरिकेतील आर्कान्सॉ राज्यात, जोन्सबरोच्या न्यायालयात एकोणीस वर्षांचा एक तरुण साक्षीसाठी उभा होता. नाव डेमियन एकल्स. आठ-आठ वर्षांच्या तीन मुलांच्या हत्येचा आरोप त्याच्यावर होता. त्याला गुन्ह्याशी निर्विवादपणे जोडणारा भौतिक पुरावा सरकारपक्षाकडे नव्हता. होते ते त्याचे काळे कपडे, हेवी मेटल संगीताची आवड, गूढविद्येवरील वाचन आणि त्याचे नाव. 'द ओमेन' या १९७६ च्या गाजलेल्या भयपटात सैतानाच्या मुलाचे नाव डेमियन आहे. या तरुणाचे जन्मनाव मायकल होते. मग 'डेमियन' हे नाव त्याने का घेतले असावे? परिसरातील लोकांनी याचे उत्तर आधीच ठरवून टाकले होते.

२/
खरे उत्तर वेगळे होते. किशोरवयात त्याने कॅथलिक पंथाचा स्वीकार केला होता आणि फादर डेमियन या बेल्जियन धर्मगुरूंच्या आदराप्रीत्यर्थ हे नाव घेतले होते. हवाई बेटसमूहातील मोलोकाई येथे समाजाने टाकून दिलेल्या कुष्ठरोग्यांची सेवा करता करता त्यांना स्वतःला तोच रोग जडला आणि १८८९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. २००९ मध्ये कॅथलिक चर्चने त्यांना संतपद दिले. एका संताचे नाव धारण करणारा मुलगा पंचांना सैतानाचा उपासक वाटला. त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली.

३/
काळे कपडे, कवट्या, दफनभूमीचे आकर्षण, उदास संगीत आणि ख्रिस्ती श्रद्धा ही एकाच माणसात नांदू शकतात का? गेली चार दशके चर्चच्या सभागृहांत आणि गॉथ क्लबांतही हा प्रश्न विचारला जात आहे. दोन्हीकडील पुष्कळ लोकांचे उत्तर ठाम 'नाही' असे आहे. इतिहास मात्र हा प्रश्न इतक्या सहजी निकालात काढू देत नाही. तो समजून घेण्यासाठी 'गॉथ' या शब्दाचा सोळाशे वर्षांचा प्रवास पाहावा लागतो.

४/
मूळ गॉथ ही डॅन्यूब नदीच्या उत्तरेकडील जर्मनवंशीय टोळ्यांची जमात. चौथ्या शतकात त्यांच्यात वुल्फिला नावाचा बिशप होऊन गेला. त्याचे पूर्वज ख्रिस्ती होते आणि गॉथांनी कापादोकियातून त्यांना बंदी करून नेले होते. वुल्फिलाने गॉथांच्या बोलीसाठी लिपी घडवली आणि बायबलचे तिच्यात भाषांतर केले. एक जुनी कथा अशी की, त्याने 'राजे' हे ग्रंथ मुद्दाम वगळले. गॉथ आधीच युद्धवेडे. त्यांना उत्तेजनाची नव्हे, लगामाची गरज आहे, असे त्याला वाटले.

५/
या भाषांतराची सर्वांत प्रसिद्ध हस्तलिखित प्रत 'कोडेक्स आर्जेंटिअस', म्हणजे 'रुपेरी ग्रंथ', आज स्वीडनमधील उप्साला येथे आहे. सहाव्या शतकातील या प्रतीची पाने गडद जांभळ्या रंगात रंगवलेली असून त्यांवर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने अक्षरे लिहिली आहेत. काळोख्या पानावर चमकणारी रुपेरी लिपी! आजच्या एखाद्या गॉथ तरुणीला हे सौंदर्य समजावून सांगावे लागणार नाही. गॉथिक भाषेचे आज जे काही ज्ञान उपलब्ध आहे, त्याचा सर्वांत मोठा आधार हे भाषांतरच आहे.

६/
२४ ऑगस्ट ४१० रोजी अलारिकच्या गॉथ सैन्याने रोममध्ये प्रवेश करून तीन दिवस लूट केली. 'गॉथ म्हणजे रानटी' ही प्रतिमा या घटनेने युरोपच्या मनावर कायमची कोरली. परंतु अलारिक स्वतः ख्रिस्ती होता. संत पीटर आणि संत पॉल यांच्या चर्चमध्ये आश्रय घेणाऱ्यांना त्याच्या सैन्याने अभय दिले, याची नोंद खुद्द संत ऑगस्टीनने केली आहे. गॉथ एरियन पंथाचे होते. पुत्र हा पित्याहून कनिष्ठ आहे, असे हा पंथ मानी. ३२५ च्या नायसियाच्या धर्मसभेने हे मत धिक्कारले होते. रोमनांच्या दृष्टीने गॉथ ख्रिस्ती होते खरे, पण चुकीच्या प्रकारचे. 'खरा ख्रिस्ती कोण' हा वाद गॉथ या नावाला तेव्हापासून चिकटलेला आहे.

७/
पुढील वळण पॅरिसजवळच्या सेंट डेनिस मठात येते. मठाधिपती सुजेर यांनी चर्चच्या पूर्वभागाची पुनर्बांधणी केली आणि ११४४ मध्ये त्याचा प्रतिष्ठापना-सोहळा झाला. टोकदार कमानी, फासळ्यांचे छत आणि जाड भिंतींऐवजी रंगीत काचांच्या उंच खिडक्या अशी ही नवी शैली होती. सुजेर यांची धारणा होती की, भौतिक प्रकाश मनाला दैवी प्रकाशाकडे नेतो. आज जी शैली काळोखाचे प्रतीक मानली जाते, तिचा जन्म प्रकाशाच्या ओढीतून झाला, ही इतिहासाची गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

८/
या शैलीला 'गॉथिक' हे नाव सुजेर यांनी दिलेले नाही. ती शिवी होती. सोळाव्या शतकातील इटालियन चित्रकार आणि चरित्रकार जॉर्जिओ वसारी याला ग्रीक-रोमन प्रमाणबद्धता प्रिय होती. मध्ययुगीन वास्तुरचना त्याला बेढब वाटे. तिचे पाप त्याने गॉथांच्या माथी मारले. प्रत्यक्षात गॉथांची राज्ये लयाला जाऊन शतके लोटल्यावर ही शैली जन्मली होती. टीकाकाराने दिलेले हेटाळणीचे नाव पुढे अभिमानाने मिरवले जाणे, हे या शब्दाच्या बाबतीत पुन्हा घडणार होते.

९/
एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या शैलीचे पुनरुज्जीवन झाले. ऑगस्टस प्युजिन हा त्याचा कडवा पुरस्कर्ता. टोकदार कमान हीच खरी ख्रिस्ती वास्तुकला, असे तो मानी. त्या लाटेचे ठसे मुंबईत आजही दिसतात. कुलाब्याचे अफगाण चर्च १८५८ मध्ये प्रतिष्ठापित झाले. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे ते स्मारक आहे. १८७८ चा राजाबाई टॉवर आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेले, आजचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हीही त्याच कुळातली. मुंबईच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. रोज लोकल पकडणारे लाखो प्रवासी गॉथिक कमानींखालून जातात. त्यात कुणाला काही अभद्र वाटत नाही.

१०/
आता मृत्यूकडे. गॉथांवरील सर्वांत सामान्य आक्षेप असा की, ते मृत्यूचे चिंतन करतात आणि हे ख्रिस्ती आशेच्या विरुद्ध आहे. मध्ययुगीन ख्रिस्ती माणसाला हा आक्षेप कळलाच नसता. १३४७ ते १३५१ या काळातील प्लेगने युरोपच्या लोकसंख्येचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक भाग गिळला. पुढे १४२४-२५ मध्ये पॅरिसच्या होली इनोसंट्स दफनभूमीच्या भिंतीवर 'मृत्यूचे नृत्य' रंगवले गेले. पोप, सम्राट, शेतकरी, तान्हे बालक अशा प्रत्येकाचा हात धरून त्यात मृत्यू नाचतो आहे. हे चित्र धर्मविरोधी बंडखोरांचे नव्हते. दफनभूमीच्या पवित्र आवारातील तो मूक उपदेश होता.

११/
रोममधील कॅपुचिन संन्याशांच्या चर्चखाली सुमारे ३,७०० संन्याशांच्या अस्थींनी सजवलेली दालने आहेत. चेक प्रजासत्ताकातील सेडलेक येथे फ्रांटिशेक रिंट या काष्ठशिल्पकाराने १८७० मध्ये हजारो मृतांच्या हाडांची रचना केली. तेथील झुंबर मानवी अस्थींचे आहे. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांचे पार्थिव अवशेष जपलेले आहेत आणि दर दहा वर्षांनी भाविक त्यांच्या दर्शनासाठी लोटतात. संत जेरोमच्या चित्रांत मेजावर कवटी असतेच. राखेच्या बुधवारी धर्मगुरू भाविकांच्या कपाळी राख लावतात, ती मातीत परतायचे आहे याची आठवण म्हणूनच.

१२/
पण येथे एक भेद नीट पाहिला पाहिजे. कॅपुचिनांची कवटी स्वतःसाठी मांडलेली नाही. ती पुनरुत्थानाकडे बोट दाखवते. मृत्यू आठवा, म्हणजे जीवन सुधाराल, हा तिचा संदेश. गॉथ कलेत कवटी अनेकदा तेथेच थांबते. विषादाचे सौंदर्य हेच तिचे साध्य असते. चिन्ह एक, पण वाक्य वेगळे. दोहोंतील खरा ताण शोधायचा असेल तर तो काळ्या रंगात नाही, या पूर्णविरामात आहे.

१३/
तरीही ख्रिस्ती परंपरेत केवळ आशेचाच सूर आहे, असे म्हणता येत नाही. बायबलमध्ये ईयोब आपल्या जन्मदिवसालाच शाप देतो. 'उपदेशक' या ग्रंथाला सारे व्यर्थ वाटते. 'विलापगीत' हा ग्रंथ उद्ध्वस्त यरुशलेमावरील आक्रोश आहे. ८८ वे स्तोत्र तर काळोखातच संपते. तेथे कोणतेही सांत्वन येत नाही. सोळाव्या शतकात संत जॉन ऑफ द क्रॉस या स्पॅनिश कवीने आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीला ईश्वराकडे जाणारी वाट मानले. दुःखाला घाईघाईने झाकून न टाकण्याची ही रीत चर्चच्या आतलीच आहे.

१४/
मग वैर आले कोठून? त्याचा एक झरा साहित्यात सापडतो. १७६४ च्या अखेरीस होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि दुसऱ्या आवृत्तीत तिने 'गॉथिक कथा' हे बिरुद घेतले. मॅथ्यू लुईसची 'द मंक' (१७९६) आणि ॲन रॅडक्लिफची 'द इटालियन' (१७९७) यांत दुष्ट संन्यासी, इन्क्विझिशनची भुयारे, मठांत कोंडलेल्या स्त्रिया दिसतात. हे सारे प्रॉटेस्टंट इंग्लंडचे कॅथलिक युरोपविषयीचे भय होते. म्हणजे गॉथिक साहित्याचा धर्मविरोध मुळात एका ख्रिस्ती पंथाने दुसऱ्याविषयी बाळगलेला संशय होता.

१५/
१८९७ मध्ये ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' आली. ही कथा धर्मचिन्हे काढून घेतली तर उभीच राहत नाही. क्रूस दिसताच पिशाच्च मागे हटते. पवित्र भाकरीचा स्पर्श होताच मीनाच्या कपाळावर डाग उमटतो. रक्त पिऊन अमर होणारा ड्रॅक्युला हे प्रभुभोजनाचे उलटे केलेले रूप आहे. एकात दाता स्वतःचे रक्त इतरांसाठी देतो, दुसऱ्यात सरदार इतरांचे रक्त स्वतःसाठी घेतो. स्टोकर स्वतः आयर्लंडच्या प्रॉटेस्टंट कुटुंबातला. तरी त्याच्या नायकांना पिशाच्चाशी लढण्यासाठी कॅथलिक विधींची साधने लागली.

१६/
ड्रॅक्युला इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरतो ते ठिकाण आहे यॉर्कशरमधील व्हिटबी. स्टोकर १८९० च्या उन्हाळ्यात तेथे राहिला होता. टेकडीवर मठाचे गॉथिक भग्नावशेष, शेजारी सेंट मेरी चर्च, तिथवर जाणाऱ्या १९९ पायऱ्या. याच मठात, हिल्डा ही मठाधिपती असताना, ६६४ मध्ये ईस्टरची तिथी ठरवण्यासाठी धर्मसभा भरली आणि इंग्लंडच्या उत्तर भागाने रोमची रीत स्वीकारली. १५३९ मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या राजवटीत मठ बंद पडला. या गावाच्या परिसरात मिळणारा 'जेट' हा काळा, चकचकीत, जीवाश्मरूप लाकडाचा खडा व्हिक्टोरिया राणीच्या वैधव्यकाळात शोकाचा दागिना म्हणून घरोघर पोहोचला. काळा रंग तेव्हा बंडखोरीचा नव्हे, प्रतिष्ठित शोकाचा होता.

१७/
आता संगीत. २० सप्टेंबर १९७६ रोजी लंडनच्या हंड्रेड क्लबमध्ये सूझी अँड द बॅन्शीज या गटाने पहिला कार्यक्रम केला. त्यांना एकही गाणे नीट येत नव्हते. म्हणून त्यांनी सुमारे वीस मिनिटे 'प्रभूची प्रार्थना' घेऊन तिच्याभोवती आरडाओरड आणि गोंगाट रचला. ज्या गायिकेला पुढे गॉथ संगीताची राणी म्हटले गेले, तिचा पहिला रंगमंचीय शब्दसाठा ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेतला होता. हेतू थट्टेचा होता, हे खरे. पण थट्टा करण्यासाठीही ती प्रार्थना पाठ असावी लागते.

१८/
१९७९ मध्ये बाऊहाउस गटाचे 'बेला लुगोसीज डेड' हे नऊ मिनिटांहून दीर्घ गाणे आले. लुगोसी हा १९३१ च्या चित्रपटातला ड्रॅक्युला. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात 'बॅटकेव्ह' क्लब उघडला आणि एका पिढीला वेश मिळाला. या संगीतात चर्च सर्वत्र आहे. लीड्सच्या एका गटाने 'सिस्टर्स ऑफ मर्सी' हे नाव घेतले, दुसऱ्याने बायबलच्या उत्पत्ती ग्रंथातील 'नेफिलिम' उचलले. द क्युअरच्या १९८१ च्या अल्बमचे नाव 'फेथ', म्हणजे श्रद्धा; मुखपृष्ठावर धुक्यात हरवलेले बोल्टनच्या मठाचे अवशेष. द क्युअरचा रॉबर्ट स्मिथ आणि बाऊहाउसचा पीटर मर्फी हे दोघेही कॅथलिक कुटुंबांत वाढलेले.

१९/
अमेरिकेत सूर अधिक कडवट होता. लॉस एंजेलिसमधील 'ख्रिश्चन डेथ' या गटाने १९८२ मध्ये 'ओन्ली थिएटर ऑफ पेन' हा अल्बम काढला. त्यात धर्मसंस्थेवर उघड हल्ला होता. संस्थापक रॉझ विल्यम्स कठोर बॅप्टिस्ट घरात वाढला होता. हा धर्मद्रोह परक्याचा नव्हता. घरातून बाहेर पडलेल्या मुलाचा होता. गॉथ समुदायातील अनेकांना ख्रिस्ती धर्म नको असतो, त्यामागे बहुधा तत्त्वज्ञान नसते. शाळेत वा चर्चमध्ये मिळालेली हेटाळणी असते, समलिंगी असल्यामुळे बंद झालेली दारे असतात. चर्चने या कारणांकडे पाठ फिरवली, तर अर्धा इतिहास तिच्या नजरेतून निसटतो.

२०/
चर्चची भीतीही निराधार नव्हती; ती भलत्या दिशेने धावली. १९८० च्या दशकात अमेरिकेत 'सैतानी उपासकांच्या गुप्त टोळ्या मुलांचे बळी देतात' अशी लाट पसरली. वर्षानुवर्षे खटले चालले. १९९२ मध्ये एफबीआयचे केनेथ लॅनिंग यांनी अहवालात नोंदवले की, अशा संघटित हत्यांचा पुरावा सापडत नाही. तोवर ही भीती समाजात खोल मुरली होती. पुढच्याच वर्षी वेस्ट मेम्फिसमध्ये तीन बालकांचे मृतदेह सापडले आणि संशय काळे कपडे घालणाऱ्या मुलाकडे वळला. खटल्यात सैतानी पंथांचा 'तज्ज्ञ' म्हणून उभ्या केलेल्या साक्षीदाराची पदवी टपालाद्वारे मिळवलेली होती.

२१/
२० एप्रिल १९९९ रोजी कोलंबाईन शाळेत हत्याकांड घडले. मारेकरी गॉथ असल्याचे वृत्त तासाभरात जगभर पसरले. ते गॉथ नव्हते, हे नंतर स्पष्ट झाले, पण देशभरातील काळे कपडे घालणाऱ्या मुलांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. २००२ मध्ये मिझुरी राज्यातील ब्लू स्प्रिंग्ज या शहराला गॉथ संस्कृतीच्या 'बंदोबस्तासाठी' २,७३,००० डॉलरचे सरकारी अनुदान मिळाले. दोन वर्षांनी त्यातील जवळपास निम्मी रक्कम परत करण्यात आली. बंदोबस्त करण्याजोगी समस्याच सापडली नव्हती!

२२/
धोका मात्र उलट दिशेला खरा होता. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकशर परगण्यातील बेकप येथे सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची तरुणी आणि तिचा मित्र यांच्यावर किशोरवयीन टोळक्याने उद्यानात हल्ला केला. कारण एकच, त्यांचा गॉथ पेहराव. जमिनीवर पडलेल्या मित्राचे डोके मांडीवर घेऊन ती त्याला वाचवत होती, तेव्हा टोळके तिच्यावर तुटून पडले. काही दिवसांनी तिचा मृत्यू झाला. २०१३ पासून ग्रेटर मँचेस्टर पोलीस अशा हल्ल्यांची द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंद करू लागले. स्वतःच्या देहाची ढाल करून दुसऱ्याला वाचवणे, याला ख्रिस्ती परंपरेत जुने आणि थोर नाव आहे. तिने कोणता रंग नेसला होता, याने त्यात फरक पडत नाही.

२३/
याच काळात काहींनी दोन्ही ओळखी एकत्र जगण्याचा मार्ग धरला. कॅलिफोर्नियाच्या 'सेव्हियर मशीन' गटाने १९९७ पासून 'लेजंड' या अल्बममालिकेत 'प्रकटीकरण' ग्रंथावर आधारित गॉथ संगीत रचले. गॉथ हे लेबल नाकारणाऱ्या, परंतु त्या संगीतावर खोल प्रभाव टाकणाऱ्या निक केव्हने १९९८ मध्ये मार्कच्या शुभवर्तमानाच्या एका आवृत्तीला प्रस्तावना लिहिली. २००० नंतरच्या दशकात केंब्रिजच्या सेंट एडवर्ड चर्चमध्ये गॉथ संगीतासह प्रभुभोजनाची उपासना सुरू झाली; मेणबत्त्यांचा मंद उजेड आणि काळ्या पेहरावातील उपासक. हे चर्च म्हणजे १५२५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला रॉबर्ट बार्न्स यांनी जेथे सुधारणावादी प्रवचन दिले, तेच. पाखंडी ठरवल्या गेलेल्यांना व्यासपीठ देण्याची तेथील परंपरा जुनी आहे.

२४/
या प्रयत्नांवर दोन्ही बाजूंनी टीका झाली. काही ख्रिस्ती मंडळींना यात धर्माचे अवमूल्यन दिसले. काही गॉथांना हे धर्मांतराचे नवे जाळे वाटले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. एखाद्या समूहात केवळ त्याला बदलण्यासाठी शिरणे आणि त्या समूहातला म्हणूनच श्रद्धा बाळगणे, यांत मोठे अंतर आहे. पहिला पाहुणा असतो, दुसरा घरचा. जे प्रयोग टिकले, ते बहुतांशी घरच्यांनी केलेले होते.

२५/
मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? समाजशास्त्रज्ञ पॉल हॉडकिन्सन यांनी २००२ च्या अभ्यासग्रंथात दाखवले की, गॉथांना एकत्र बांधणारी गोष्ट म्हणजे सामाईक अभिरुची आणि आपलेपणाची जाणीव; एखादी ठरीव विचारसरणी नव्हे. गॉथ हा पंथ नाही. त्याला धर्मसूत्र नाही, दीक्षा नाही, देव नाही आणि सैतानही नाही. ख्रिस्ती धर्म हा पेहराव नाही. बेनेडिक्टाइन संन्याशांचा काळा झगा दीड हजार वर्षांच्या परंपरेतून आला आहे. एक सौंदर्यदृष्टी आहे, दुसरी श्रद्धा. त्यांच्यात विरोध अपरिहार्य नाही. विरोध येतो तो तेव्हा, जेव्हा निराशेलाच अंतिम सत्य मानले जाते, किंवा जेव्हा चर्च आनंदी चेहऱ्यालाच श्रद्धेची अट करते. पहिली चूक पुनरुत्थान विसरते, दुसरी शुभ शुक्रवार.

२६/
डेमियन एकल्स १९ ऑगस्ट २०११ रोजी अठरा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढून बाहेर आला. नव्या डीएनए चाचण्यांत त्याचा किंवा त्याच्या दोन्ही सहआरोपींचा माग सापडला नव्हता. तरी सुटका झाली ती एका विचित्र कायदेशीर तडजोडीने: स्वतःला निर्दोष म्हणायचे, पण शिक्षेइतका पुरावा सरकारकडे आहे हे मान्य करायचे. दोषसिद्धी कागदावर राहिली. श्रद्धेच्या बाबतीत तो पुढे कॅथलिक चौकटीबाहेर दूर गेला. खटल्याच्या वेळीच त्याने विक्का पंथातील आपली रुची सांगितली होती. पण न्यायालयाने त्याच्या श्रद्धेची चौकशी केली ती त्याचे कपडे पाहून, हे सत्य त्याने बदलत नाही.

२७/
जर्मनीतील लाइपझिग येथे १९९२ पासून 'वेव्ह-गोटिक-ट्रेफेन' हा जगातील सर्वांत मोठ्या गॉथ मेळ्यांपैकी एक भरतो. त्याची तिथी ख्रिस्ती पंचांगावर ठरते: पेंटेकॉस्टचा सप्ताहान्त. व्हिटबीत १९९४ पासून गॉथ सप्ताहान्त साजरा होतो. काळी वस्त्रे नेसलेले हजारो लोक त्या १९९ पायऱ्या चढून सेंट मेरी चर्चपाशी येतात. थडग्यांवर बसून छायाचित्रे काढणाऱ्यांवर गावकरी रागावतात. त्या थडग्यांत त्यांचे पूर्वज आहेत आणि हा राग रास्त आहे. ड्रॅक्युलाची कबर शोधणाऱ्यांना चर्च सूचना लावून कळवते की, ती येथे नाही, कारण तो कधी नव्हताच.

२८/
तरी चर्चचे दार उघडे असते. आत जुन्या लाकडी बाकांवर काळ्या लेसमधली एखादी मुलगी काही क्षण टेकते. बाहेर समुद्राचा वारा आणि मठाच्या भग्न कमानी. तेराशे वर्षांपूर्वी याच टेकडीवर ईस्टर कधी साजरा करायचा, यावर वाद झाला होता. ईस्टर हवा की नको, यावर नव्हे. मृत्यूनंतर काय, हा प्रश्न हिल्डाच्या काळी या टेकडीवर होता, स्टोकरच्या काळी होता आणि आजही आहे. तो विचारणाऱ्याच्या अंगावर कोणत्या रंगाचे वस्त्र आहे, याने प्रश्नाचे मोल कमी होत नाही.

#इतिहास #मराठी #थ्रेड